सिद्रामतात्या मुफलिस नाहीत

गरीब असणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ते कोर्टात सिद्ध करून दाखवावं. मी जन्मभर तेच केलं. उस्मानाबाद जिल्ह्यात, तुळजापूरच्या कोर्टात वकिली केली म्हणजे काय केलं, तर काळा कोट चढवून आपला पक्षकार किती दरिद्री आहे हे न्यायाधीशांना पटवत बसलो. या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तुमच्या गाजलेल्या खटल्यांबद्दल लिहा म्हणून. माझा एकही खटला गाजलेला नाही. गाजायचे ते खुनाचे आणि इनामाचे खटले, आणि ते बाररूमच्या मधल्या टेबलावर जायचे. मी दाराजवळच्या बाकावर बसायचो. ज्याच्याकडं वकिलाला द्यायला काही नाही तो आत यायला बिचकतो, दारातच घुटमळतो, आणि दारात मी. अशी माझी प्रॅक्टिस वाढली. यात दानधर्म वगैरे काही नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आता हा धंदा काय होता ते बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. दिवाणी दावा लावायचा तर आधी कोर्ट फी भरावी लागते. जेवढ्या किमतीची मिळकत, तेवढी फी. म्हणजे तुमचं रान कुणी बळकावलं तर ते परत मागण्यासाठी आधी सरकारात पैसे भरायचे, आणि रान तर दुसऱ्याच्या ताब्यात. यावर कायद्यानं एक वाट ठेवली होती. ज्याची ऐपत नाही त्यानं तसा अर्ज करायचा, आपल्या चीजवस्तूची यादी जोडायची, मग कोर्ट चौकशी करणार, आणि पटलं तर फी न घेता दावा चालवणार. यादीतून दोन गोष्टी वगळायच्या. एक, अंगावरचे जरुरीचे कपडे. दुसरी, ज्या मिळकतीवरून भांडण आहे ती मिळकत. निजामाच्या अमदानीत अशा माणसाला मुफलिस म्हणायचे. ते राज्य गेलं, कोर्टातली उर्दू गेली, आम्ही आधी हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात आलो. मुफलिस मात्र मुफलिसच राहिले.

चौकशीला दोन माणसं विरोधात उभी राहत. एक समोरच्या पार्टीचा वकील आणि दुसरे सरकारी वकील, कारण फी बुडणार सरकारची. ज्या माणसाला जन्मात कुणी 'बस' म्हटलं नाही, त्याला त्या दिवशी दोन शिकलेली माणसं घाम गाळून श्रीमंत ठरवायला बघत. कोंबडी आहे का, अंडी देते का, किती देते, असे प्रश्न मी भर कोर्टात ऐकलेले आहेत.

तुळजापूरचे एक वृद्ध पुजारी होते. भावकीनं त्यांची पूजेची पाळी मारली होती, त्याचा दावा. मी त्यांना समजावलं की काका, अंगावरचे कपडे कायदा मोजत नाही. एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं. चैताच्या उन्हात काका कोर्टात आले ते घरातले झाडून सगळे कपडे अंगावर घालून. तीन धोतरं, दोन कोट, एक बाराबंदी, वर शाल, आणि कमरेला काकूंचा शालू गुंडाळलेला. दारातून त्यांना तिरकं यावं लागलं. सरकारी वकिलांनी विचारलं, यातले जरुरीचे कोणते? काका म्हणाले, सगळेच, मला थंडी सोसत नाही. एवढं बोलून ते पिंजऱ्यातच चक्कर येऊन बसले. शिपायानं आणि मी मिळून त्यांना सोललं. मुन्सफसाहेबांनी अर्ज मंजूर केला. त्या शालूकडं त्यांनी पाहिलंच नाही, असं माझं मत आहे.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी जात नसत. एक मास्तर होते, जुन्या उर्दू शाळेतले. शाळेची भाषा बदलली तशी त्यांची नोकरी गेली. घराच्या हिश्शाचा दावा होता. मी त्यांची साक्ष इतकी झकास बसवून घेतली, की दिवसातून किती वेळा जेवता या प्रश्नाला त्यांनी मान खाली घालून 'एक वेळ' असं उत्तर दिलं, आणि साहेबांची लेखणी थांबली. अर्ज तिथल्या तिथं मंजूर. मी खूष. पुढच्या तारखेला मास्तर आले नाहीत. घरी गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, कोर्टातलं बोलणं गावभर झालं, दुसऱ्याच आठवड्यात बायकोला घेऊन सोलापूरला निघून गेले. गैरहजेरीत दावा निकाली निघाला. त्यांना काय झालं असेल हे कळायला मला बराच काळ गेला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

हे सगळं सांगितलं ते सिद्रामतात्यांची गोष्ट नीट समजावी म्हणून.

सिद्रामतात्या जळकोटच्या पलीकडच्या एका वाडीतले धनगर. साठीला आलेले, काटक, बोलायला मोजके. वर्षातले आठ महिने ते मेंढरं घेऊन कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत फिरायचे. वाडीत ओढ्याकाठी त्यांचं चार एकर रान होतं, त्यात बांधीव विहीर. एके वर्षी मेंढरांत रोग आला आणि सगळं खांड, म्हणजे कळपच, बसलं. अकरा मेंढरं उरली. तात्यांनी ठरवलं, आता फिरणं बास, रानात राहू आणि रान करून खाऊ. परत आले तर रानात चुलतभाऊ लिंबाजीचा नांगर. तात्या फिरतीवर असताना लिंबाजीनं रान वहिवाटलं होतं आणि नव्या कागदाला आपलं नाव लावून घेतलं होतं. वाटणी झाली होती ती बापाच्या काळात, तोंडी. तात्यांकडं चिटोरं नव्हतं. दावा कच्चा आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण ते रान गेलं तर या माणसाला पाय टेकायला जागा नव्हती.

त्यात त्यांच्या पोरीचं, भागूचं, लग्न ठरलेलं. नळदुर्गाकडचं स्थळ, सुपारी फुटलेली, चैतात बार उडवायचा. हे त्यांनी मला सांगितलं नाही. वकिलाला कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या हातून झालेल्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथं आहे, म्हणून वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

अर्जाची यादी करायला माझे कारकून जाफरमियाँ बसले. जाफरमियाँ जुन्या कोर्टात मुहर्रिर म्हणजे लेखनिक होते, अक्षर मोत्यासारखं, आणि मुफलिसांच्या याद्या करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. वस्तूची किंमत कशी उतरवायची हे त्यांना बरोबर ठाऊक. त्यांनी लिहिलं, 'तवा एक, तडा गेलेला.' तात्या म्हणाले, तडा लिहू नका. 'घोंगडी एक, विटकी.' तात्या म्हणाले, विटकी कशाला, काळीच हाय की. तासभर असंच चाललं. शेवटी जाफरमियाँनी लेखणी खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, इनो मुफलिस नै हैं. इनो नवाब हैं."

मी तात्यांची तालीम घेतली. मी वकील होऊन विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. घरात धान्य किती? "देवाच्या दयेनं हाय की." पैसाअडका? "देवाच्या दयेनं चाललंय." मी चिडलो. म्हटलं, तात्या, देवाला कोर्टात आणू नका, सरळ सांगा की माझ्याकडं काही नाही. ते लहान पोराला समजवावं तसं म्हणाले की असं तोंडानं म्हणू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो. मी म्हटलं, मुन्सफसाहेबांनी तथास्तु म्हणावं एवढ्यासाठी तर सगळं चाललंय. बऱ्याच खटपटीनं ते 'अकरा मेंढरं, एक छप्पर, बाकी काही नाही' इथपर्यंत आले. तेही भिंतीकडं तोंड करून.

मग नोटीस निघाली. कोर्टाचा बेलीफ वाडीत गेला आणि त्यानं चावडीवर कागद डकवला की सिद्राम अमुक तमुक हा मुफलिस आहे किंवा कसे, याची चौकशी अमुक तारखेस होणार आहे, कोणास हरकत असल्यास हजर राहावे. आणि डकवण्याआधी रिवाजाप्रमाणं तो मोठ्यानं वाचला. ही बातमी जळकोटला गेली, तिथून ट्रकवाल्यांच्या तोंडी नळदुर्गाला पोचली. भागूचे होणारे सासरे बनाप्पा यांनी ती एका धाब्यावर ऐकली. 'कोणास हरकत असल्यास हजर राहावे' हे त्यांनी आपल्यालाच उद्देशून आहे असं धरलं.

चौकशीच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात पोचलो, तर लिंबाखाली घोळका भाकरी खात बसला होता. तात्या होते, मी बोलावलेले दोन साक्षीदार होते, आणि ज्याच्याविरुद्ध दावा तो लिंबाजीही होता. सगळे सरकीच्या एकाच ट्रकमधून आले होते. भाकरी लिंबाजीच्या बायकोनं केलेली. मधोमध लाल पटका बांधलेला, भरघोस मिशांचा एक माणूस बसला होता आणि लिंबाजी स्वतःच्या हातानं त्याच्या भाकरीवर ठेचा वाढत होता. मला वाटलं, असेल कुणी गावचा मोठा माणूस. ते बनाप्पा होते. वाटेत नळदुर्गाला ट्रक थांबवून ते चढले होते, आणि मी जरा ऐकायला येतो, एवढंच म्हणाले होते. ट्रकमध्ये तिथून पुढं कुणी ब्र काढला नाही.

लिंबाजीबद्दल एक सांगायला हवं. माणूस दुष्ट नव्हता. रान बळकावलं ते खरं, पण मूळचा फुशारकीचा. पाहुण्यासमोर त्याची छाती अशी फुगायची की बंडीची बटणं तुटावीत. आमच्या घराण्यात असं, आमच्या आज्याचं तसं. रानाच्या भांडणापायी तात्यांशी बोलणं बंद होतं, पण भागूचा तो चुलता होता, आणि व्याही आला म्हटल्यावर चुलत्याचं काम तो करणारच.

पुकारा झाला. तात्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. मागच्या बाकावर लाल पटका येऊन बसला, हात मांडीवर, नजर सरळ. मी ठरल्याप्रमाणं विचारलं, तुमच्याकडं मेंढरं किती? तात्यांनी एकवार मागं पाहिलं.

"मेंढरं मोजू न्हायीत, साहेब. मोजली की घटत्यात."

साहेबांनी विचारलं, अंदाजानं सांगा.

"रानभर हायत."

मी मेंढरं सोडून घराच्या प्रश्नाकडं वळलो. घर पाच खणांचं निघालं. दाणे? पेवात. ते पेव कुठं होतं ते तात्या आणि देवच जाणे. मी घाईनं यादी पुढं केली आणि विचारलं, हा अंगठा तुमचा ना? यात तर अकरा मेंढरं आणि एक छप्पर लिहिलंय. तात्यांनी यादी उलटी धरून आदरानं पाहिली आणि म्हणाले, ही जाफरमियाँनी लिवलेली हाय, त्येंच्या घरची आसंल. दारात उभे असलेले जाफरमियाँ हळूच बाहेर सटकले.

सरकारी वकिलांना उठायची गरजच नव्हती, पण ते उठले. इतकं असताना कोर्ट फी का भरत नाही, असं त्यांनी विचारलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत खरोखर कीव होती.

"आमचं वकीलसाहेब म्हणले अर्ज करू. एवढं हौसेनं म्हणले, त्येंचं मन कशाला मोडा."

माझ्या पहिल्या साक्षीदार होत्या तात्यांच्या शेजारीण चंद्राबाई. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं होतं की तात्यांच्या घरी कधीकधी चूल पेटत नाही. बाईंनी पदर सावरला, मागच्या बाकाकडं नजर टाकली आणि सुरुवात केली ती भागूच्या आईच्या चांदीच्या पट्ट्यापासून. मग तोडे निघाले, वाळे निघाले, आणि दसऱ्याला तात्या वाडीला जेवण घालतात हेही निघालं. मी म्हटलं, बाई, चुलीचं सांगा. बाई म्हणाल्या, चुली दोन हायत. दुसरा साक्षीदार वाडीचा न्हावी. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की सुगीला सगळ्या वाडीत भरून पायली मिळते ती एकट्या सिद्रामतात्यांकडून, बाकीचे हात आखडतात. बाकीच्यांत लिंबाजीही आला, म्हणून लिंबाजी बाकावर चुळबुळला.

कायद्यात सोय आहे. आपलाच साक्षीदार उलटला तर तो फितूर झाल्याचं जाहीर करून वकिलाला त्याची उलटतपासणी घेता येते. मी तशी परवानगी मागितली. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, हे तुमच्या पक्षकाराविरुद्ध बोललेत काय? इतक्या प्रेमानं बुडवलेला वकील तुळजापूरच्या कोर्टात माझ्याआधी झाला नसेल. तेवढ्यात जाफरमियाँ परत आले आणि त्यांनी माझ्या कानात सांगितलं की तो लाल पटकेवाला कोण आहे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्ज मंजूर झाला तर लग्न मोडतं, आणि नामंजूर झाला तर रान जातं. रान गेलं तर आज ना उद्या लग्नाचंही काही खरं नव्हतं. तात्यांनी मनाशी पोरीची बाजू घेतली होती. सगळ्या वाडीनं घेतली होती. मी एकटाच रानाच्या बाजूला उभा होतो, तोही त्यांच्याच वकीलपत्रावर.

इथं समोरच्या वकिलांनी गप्प बसायला हवं होतं. अर्ज आपोआप पडत होता. पण ते उस्मानाबादहून खास आलेले, नवा कोट घातलेले गृहस्थ. आपल्या पक्षकाराला आपण काही केलेलं दिसावं म्हणून त्यांनी लिंबाजीला पिंजऱ्यात उभं केलं. तात्यांची ऐपत किती, एवढाच प्रश्न. लिंबाजीनं आधी पटका सरळ केला.

तो म्हणाला की आमच्या घराण्यात मुफलिस कुणी झाला नाही आणि होणार नाही. ज्यानं हा शब्द काढला त्याच्या जिभेला हाड नाही. मी खाली मान घातली. वकील खूष झाले. म्हणाले, मोघम नको, त्यांच्या मालकीचं काय काय आहे ते साहेबांना सांग. आता तात्यांच्या नावानं सांगण्यासारखं या जगात एकच काही होतं. ते लिंबाजीइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"वड्याकाठचं चार एकर रान हाय. त्यात बांधीव हीर, बारमाही पानी. तसलं रान त्या शिवारात दुसरं न्हाई."

वकिलांना खोकला आला. त्यांनी मागं वळून लिंबाजीला डोळ्यांनी खुणावलं, पण लिंबाजी त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो मागच्या बाकाकडं बघत होता. साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी फार शांतपणे विचारलं, ते रान कोणाचं?

"सिद्रामदादाचं. आमच्या बापांच्या वाटणीत त्येलाच आलं. म्या आपला त्यो फिरतीवर आसतोय म्हणून करतोय. भाऊच हाय, त्यात काय."

साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि लिंबाजीनं खाली ऐटीत अंगठा उठवला. मला विचारलं, उलटतपासणी? मी उभा राहिलो आणि म्हणालो, काही विचारायचं नाही. माझ्या साऱ्या वकिलीत मी एवढं शहाणपणाचं वाक्य दुसरं बोललो नाही.

निकाल संध्याकाळच्या आत झाला. वादाची मिळकत वगळली तरी अर्जदार, अर्जदाराचे साक्षीदार आणि विरुद्ध पार्टी या सर्वांच्या म्हणण्याप्रमाणं अर्जदार सुखवस्तू आहे, सबब अर्ज नामंजूर, फी भरायला महिन्याची मुदत. सिद्रामतात्या मुफलिस नाहीत, यावर सरकारी मोहोर बसली. साहेब उठताना मला म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराचं अभिनंदन.

लिंबाखाली मी तात्यांना इतकं बोललो की आता आठवलं तरी कान गरम होतात. फी कुठून आणणार, दावा कसा लावणार, लिंबाजीचा जबाब हातात आला तो काय लोणचं घालायला? तात्या खाली बसून मातीत काडीनं रेघा मारत होते. एकदाच म्हणाले, "रान जाईल तर जाईल. पोरगी उजवली पायजे."

तेवढ्यात बनाप्पा आले. त्यांनी मला रामराम केला आणि लिंबाजीला हाक मारली. म्हणाले, ओढ्याकाठी एवढं चांगलं रान आहे, बारमाही पाणी आहे, तर मांडव तिथंच घालू. वऱ्हाडाला पाणी लागतं, बैलांना सावली लागते. व्याह्यांचं रान आहे म्हटल्यावर दुसऱ्याच्या दारात कशाला? चुलते म्हणून मांडवाचं तुम्हीच बघा.

लिंबाजीच्या तोंडावरचा रंग गेला तो मी पाहिला. समोरच्या वकिलांनीही पाहिला. त्यांनी त्याला ओढत कुंपणापाशी नेऊन सांगितलं की, येड्या, मांडव घालू देऊ नको, मांडव उभा राहिला की ताबा गेला. लिंबाजीनं त्यांना काय सांगितलं ते जाफरमियाँनी ऐकलं आणि पुढं वर्षभर बाररूममध्ये रंगवून सांगितलं. लिंबाजी म्हणाला, साहेब, तुमचं खरं आहे, पण व्याह्याला नाही कसं म्हणू.

चैतात मांडव उभा राहिला. मेढी लिंबाजीनं स्वतः तोडून आणल्या आणि स्वतः पुरल्या. जोंधळा काढून रान मोकळं झालं होतं. वाडी लोटली, विहिरीवर दोन मोटा चालल्या. चंद्राबाईंनी साक्षीत सांगितलेला चांदीचा पट्टा मला भागूच्या आईच्या कमरेला दिसला. तो चंद्राबाईंचा स्वतःचा होता, कारण त्यांची कमर मोकळी होती. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, पण मांडवाची एक बाजू तात्यांनी काढलीच नाही. तिला त्यांनी कूड बांधला आणि आत राहायला गेले. पावसाळ्याच्या तोंडावर मी लिंबाजीला बोलावून त्याच्याच जबाबाची नक्कल वाचून दाखवली. त्यानं ती पूर्ण ऐकली, आपण बोललो ते चांगलंच बोललो असं म्हणाला, आणि पटवाऱ्यापुढं जाऊन नाव बदलून दिलं. दावा शेवटपर्यंत लागलाच नाही. दप्तरात माझ्या नावावर आहे तो एक नामंजूर अर्ज.

त्या लग्नाला जाफरमियाँना आणि मला बोलावणं होतं. पंगतीत मला बनाप्पांच्या शेजारी बसवलं. माझ्यातला वकील गप्प बसेना. मी हळूच विचारलं की पाहुणे, त्या दिवशी कोर्टात सगळे जे बोलले ते तुम्हाला खरं वाटलं का? बनाप्पांनी घास खाली ठेवला.

"वकीलसाहेब, त्येंच्या पायतानाला तीन ठिगळं व्हती. म्या काय आंधळा हाय?"

मग तुम्ही लग्न मोडलं का नाही, असं मी विचारलं.

"सारं गाव देवाची आन घिऊन ज्येच्यासाठी खोटं बोलतंय, त्येच्या पोरीची आनखी काय चवकशी करायची? पर एक सांगतो. तुमी अर्ज हरला ते लई ब्येस झालं. साहेबानं मुफलिस म्हणून लिवून दिलं आसतं, तर माज्या भावकीनं मला ही सोयरीक करू दिली नसती."

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं वकिली केली. दाराजवळचा बाक सोडला नाही, मुफलिसीचे अर्ज करतच राहिलो, आणि त्यातले बहुतेक मंजूर करून घेतले. कितीतरी माणसांचे दावे त्यामुळं लागले आणि काहींचे जिंकलेही, ते काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची गरिबी मी कोर्टात सिद्ध करून दिली, त्यांच्यापैकी एकानंही मला कधी घरच्या लग्नाला बोलावलं नाही.